आजोबांची वेबली: किंमत विचारण्याआधी बोअर बघा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. आजोबा काटोलकडचे, जुन्या मालगुजार घराण्यातले. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. धरमपेठेतल्या घरातलं त्यांचं लोखंडी कपाट आत्ता उघडलं, तर चामडी केसमध्ये एक रिव्हॉल्व्हर निघालं. सोबत लायसन्सची जुनी वही आणि अर्धा डबा काडतुसं. वरच्या पट्टीवर 'वेबली' आणि 'मार्क फोर' एवढंच वाचता येतं. अमेरिकेतल्या एका लिलावाच्या साइटवर तसंच दिसणारं रिव्हॉल्व्हर हजार डॉलरच्या वर गेलेलं तुम्ही पाहिलं. दोन्ही काका त्या हिशोबाने वाटा मागताहेत, आणि ओळखीतला एक माणूस साठ हजार रोख द्यायला तयार आहे. खरी किंमत किती?

माझं नागपुरातच परवानाधारक शस्त्रांचं दुकान आहे आणि मागे दुरुस्तीचं टेबल. वारशात आलेली हत्यारं हे आमच्याकडचं नेहमीचं काम. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं, त्यामुळे जुन्या मध्य प्रांतातले अधिकारी, जंगल खात्यातली माणसं, मालगुजार, कंत्राटदार अशा कितीतरी घरांतून ही शस्त्रं अजून निघतात. त्यावरून सांगतो की काकांचा आकडा चूक आहे आणि साठ हजारवाल्याचाही. तुमच्या वेबलीची किंमत आज कोणालाच सांगता येणार नाही, कारण जी गोष्ट आधी कळायला हवी ती तुम्ही लिहिलीच नाही. ती म्हणजे बोअर, नळीच्या आतल्या व्यासाचं इंचातलं माप.

पण त्याच्याही आधी एक काम आहे. ते टाळून पुढे काही करू नका.

लायसन्स आजोबांच्या नावाचं होतं, ते त्यांच्यासोबत संपलं. शस्त्र कायदा १९५९ चं कलम २१ असं सांगतं की हत्यार बाळगणं कायदेशीर उरलं नाही की ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. दीड वर्ष ते कपाटात पडून आहे हे विनाविलंबमध्ये बसत नाही. विनालायसन्स अग्निशस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे, प्रतिबंधित शस्त्राला त्याहून जास्त. घाबरवायला सांगत नाही. स्वतःहून अर्ज घेऊन आलेल्या वारसाकडे ठाण्यात एका नजरेने बघतात, झडतीत हत्यार सापडलेल्याकडे दुसऱ्या. एखाद्या वकिलाकडून साधा अर्ज लिहून घ्या: मृत्यूचा दाखला, लायसन्सच्या वहीची प्रत, 'कपाट उघडल्यावर सापडलं, जमा करू इच्छितो'. तो अर्ज आधी ठाण्यात द्या, आणि हत्यार कसं आणायचं ते ते सांगतील तसं करा. किंमत काढायला म्हणून पिशवीत घालून माझ्याकडे किंवा इतवारी बाजारात कोणाकडे घेऊन फिरू नका. काडतुसंही त्याच अर्जात लिहा. तीसुद्धा लायसन्सशिवाय ठेवता येत नाहीत.

जमा करताना पावतीवर मेक, मॉडेल, बोअर, नंबर आणि अवस्था, सगळं लिहून घ्या. 'एक जुने रिव्हॉल्व्हर' एवढ्यावर सही करू नका. जमल्यास विक्रेत्याकडे जमा करण्याची परवानगी मागा. दुकानात महिन्याचं भाडं पडतं, पण हत्यार तेल लावून कोरड्या जागी राहतं. ठाण्याच्या मालखान्यात दोन पावसाळे काढलेल्या वस्तूची किंमत काय उरते ते मी टेबलावर बघतो.

आता बोअर. 'मार्क फोर' म्हटल्याने एकच हत्यार डोळ्यांपुढे येत नाही. इंग्लंडच्या वेबली कंपनीने हे नाव निदान तीन वेगळ्या गोष्टींना दिलं. एक १८९९ चं, .४५५ बोअरचं, ब्रिटिश सैन्याचं दणकट रिव्हॉल्व्हर, ज्याला शौकीन दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या नावाने ओळखतात. दुसरं .३८ चं, दुसऱ्या महायुद्धात ढिगाने बनलेलं. त्यावर बहुधा 'मार्क फोर .३८ १४५/२००' असं असतं. ते १४५ आणि २०० म्हणजे गोळीचं वजन, ग्रेनमध्ये. तिसरं .३२ चं, आखूड नळीचं, खिशात मावणारं. तिन्ही मधोमध मोडून उघडतात, तिन्हींची ठेवण सारखी, आणि फोटोत नवख्याला फरक कळत नाही. अमेरिकेच्या साइटवर तुम्ही पाहिलेलं यातलं कुठलं होतं, तेही तुम्हाला ठाऊक नसावं.

आपल्या नियमांत .३८० इंची किंवा .४५५ इंची रिम (बुडाला कडा) असलेलं काडतूस ज्यात बसतं आणि झाडता येतं, ते रिव्हॉल्व्हर प्रोहिबिटेड (प्रतिबंधित) बोअर, म्हणजे आमच्या बोलीत पीबी. कारण ती सैन्या-पोलिसांची काडतुसं. म्हणून वेबलीचं .३८ पीबी आणि .४५५ ही पीबी. .३२ मात्र एनपीबी, म्हणजे प्रतिबंधित नसलेलं, सामान्य लायसन्सवर मिळणारं. एनपीबीचं लायसन्स नागपूर शहरात पोलीस आयुक्तालयातून, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं. पीबीचं प्रकरण दिल्लीला गृह मंत्रालयात जातं. म्हणजे तुमचं .३८ निघालं तर ते विकत घेऊ शकणारा माणूस नागपुरात शोधणं म्हणजे मे महिन्यात गोरेवाड्यात धुकं शोधणं. वस्तू उत्तम असेल, पण गिऱ्हाईक नाही. आणि .३२ निघालं तर बाजू पूर्ण उलटते: घेणारे रांगेत असतात.

ती रांग का असते हेही समजून घ्या, कारण किंमत तिथूनच येते. सामान्य माणसाला परदेशी रिव्हॉल्व्हर आयात करून आणणं १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. देशात जेवढ्या जुन्या इंग्लिश आणि अमेरिकन .३२ आहेत तेवढ्याच, त्यात भर नाही. नवं हवं तर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. तिथलं 'निर्भीक' २०१४ मध्ये आलं तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होतं. अलीकडे हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे वेबली नावानेही .३२ बनू लागली. तरी जुन्या इंग्लिश वेबलीचं वेड कमी झालेलं नाही. अमेरिकेत तीच वस्तू साधी मानतात, तिथे अशा शेकडो पडल्या आहेत. उलट तिथे ज्या .४५५ ला भाव आहे तिला इथे विचारत नाहीत. म्हणून डॉलरचा आकडा रुपयांत गुणून काढलेली किंमत दोन्ही बाजूंनी फसवते.

मग मी आकडा कसा काढतो? .३२ असेल तर नव्या .३२ चं आजचं बिल पायाला धरतो. समजा नवी दीड लाखाला मिळते. तुमची इंग्लिश असेल, यंत्र घट्ट असेल, नळी स्वच्छ असेल आणि मूळ रंग टिकलेला असेल, तर पायाच्या वर जायचं. किती वर, ते त्या महिन्यात हातात किती लायसन्सधारक आहेत त्यावर. माझ्या अंदाजाने चांगली वस्तू नव्याच्या दीडपट सहज मागू शकते, आणि अगदी निवडक वस्तू त्याहून जास्त. बेल्जियम किंवा स्पेनची नक्कल असेल तर पायाच्या खूप खाली. दुरुस्ती लागणारी असेल तर दुरुस्तीचा खर्च वजा, आणि सुटे भाग मिळत नाहीत म्हणून त्यापेक्षाही जास्त वजा.

नक्कल ओळखायला शिक्के बघावे लागतात, आणि इथे मी वेळ घेतो. नळीवर आणि काडतुसं बसतात त्या चक्राच्या प्रत्येक घरावर बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे शिक्के असतात: मुकुट, त्याखाली बीव्ही, बीपी, एनपी अशी अक्षरं. त्याहून जुन्यांवर मुकुटाखाली आडवे-तिडवे राजदंड. अंडाकृती चौकटीत ईएलजी दिसलं की ते बेल्जियमच्या लिएजचं. सरहद्दीकडच्या कारागिरांनी हाताने बनवलेल्या 'वेबली'ही येतात. त्यात अक्षरं तिरपी, एखादं उलटं कोरलेलं, स्पेलिंग चुकलेलं. एक खूण लोकांना कळत नाही, ती म्हणजे दोन बाण टोकाला टोक लावून. नुसता एक बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. दोन बाण समोरासमोर म्हणजे ती वस्तू सरकारने रीतसर विकून टाकली होती. सैन्याच्या वस्तूवर ही खूण असली की 'ही कुठून आली' हा प्रश्न सुटतो. आणि 'वॉर फिनिश' असं लिहिलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. युद्धकाळात घाईने बनवताना पॉलिश करायला वेळ नव्हता, तसं कंपनीने छापून टाकलं, एवढाच त्याचा अर्थ.

कलकत्त्याच्या रोड्डा किंवा मॅन्टन यांचं, मद्रासच्या पी. ऑरचं नाव नळीवर कोरलेलं असेल तर शौकिनाच्या लेखी भर पडते. रोड्डा म्हणजे तीच पेढी, जिच्या मालातून १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी पन्नास माऊझर पिस्तुलं पळवली होती. कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन असती तर नंबर देऊन, फी भरून कंपनीच्या नोंदींतून ती मुळात केव्हा आणि कुठे पाठवली त्याचं पत्र मागवता येतं. 'आजोबांना अमुक साहेबाने दिली' या गोष्टीला मात्र कागद असेल तरच किंमत. मूठ किंवा फ्रेमवर कोरलेली आद्याक्षरं आणि वहीतलं नाव जुळत असेल तर तेवढं मी मानतो.

आता टेबलावर काय बघतो ते सांगतो. तुम्ही घरी करू नका, वाचून ठेवा, म्हणजे दुकानदार काय करतोय ते कळेल. आधी उघडून रिकामं आहे याची खात्री. मग नंबर: फ्रेम, नळी आणि चक्र यांचे जुळतात का. न जुळणारं चक्र म्हणजे कुठेतरी दोन हत्यारांचं एक झालंय. मग नळीच्या मागून पांढरा कागद, त्यावर टॉर्च, आणि तोंडाकडून आत डोळा. आट्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, धारदार दिसल्या पाहिजेत. जुन्या काडतुसांच्या टोपीत क्षार असायचे, ते झाडल्यावर नळीत बसून ओल धरायचे. शिकारीहून आल्यावर उकळत्या पाण्याने धुवायची शिस्त ज्या घरात होती तिथली नळी आरशासारखी निघते. नव्हती तिथे खड्डे. हे खड्डे घासून जात नाहीत.

मग घोडा हळूहळू ओढून चक्र प्रत्येक घरावर पक्कं अडकतं का ते बघतो, सहाही घरांवर. अडकण्याआधी घोडा पूर्ण मागे येत असेल तर यंत्र झिजलंय. मधोमध मोडणाऱ्या वेबलीची खरी परीक्षा बिजागरीत असते: नळी एका हातात, मूठ दुसऱ्या हातात, आणि वर-खाली, डावी-उजवी हलवून बघायची. खडखड आली की वरच्या पकडीची पट्टी ढिली आहे. बाहेरून देखणी, आतून ढिली, अशी वेबली मी बऱ्याचदा बघतो, कारण लोक सिनेमात बघून झटका देऊन उघडतात-बंद करतात. त्याने पकड खराब होते.

शेवटी कातडं. म्हणजे वरचा रंग. मूळ निळा असेल तर कडा टोकदार असतात आणि शिक्क्यांच्या रेघा खोल. पुन्हा रंगवताना पॉलिश केलं की शिक्के पुसट होतात आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. आपल्याकडे निकेल करून घ्यायची फार हौस होती. शौकीन त्याला अर्धी किंमतही देत नाही. पण इथे एक गंमत आहे. .३२ घेणारा बहुतेक वेळा शौकीन नसतो, वापरायला घेणारा असतो. त्याला यंत्र घट्ट हवं, चकाकी आवडते. त्यामुळे ज्या निकेलने लिलावात किंमत पडते, तिने नागपुरात तेवढी पडत नाही. पीबीच्या बाबतीत उलट: घेणारा असलाच तर शौकीन, आणि तो मूळपणालाच पैसे देतो.

तुमचं चामडी केसमध्ये आहे म्हणालात. ज्या बाजूवर ते टेकून पडलं होतं तिथे तपकिरी ठिपक्यांचा नकाशा असणार, पैज लावतो. चामड्यात ओल धरते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यंही लोखंडाला खातात. जमा करण्याआधी काही करावंसं वाटलं तर एवढंच: केस वेगळी, हत्यार कोरड्या सुती कापडात. घासायचं नाही. पितळेचं पॉलिश, सँडपेपर, राख, काही नाही. मुठीला तडा असेल तर डिंक लावू नका. जुनी काडतुसं 'चालतात का' बघायला झाडायची तर अजिबात नाहीत.

आणखी एक गैरसमज, कारण तुम्ही 'अँटिक असेल तर लायसन्स लागत नाही ना' असंही विचारलंय. ती अमेरिकेची गोष्ट. तिथल्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटिक मानतात. आपल्याकडे नुसत्या वयाने सूट मिळत नाही. कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तूमूल्याच्या शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ते झाडता येणार नसेल तरच. चालतं हत्यार शंभर वर्षांचं असो की दोनशे, लायसन्स लागतंच. हे ऐकून काही जण घोड्याची सुई घासून टाकतात. तेवढ्याने ते निकामी ठरत नाही, कारण सुई पुन्हा बसवता येते, आणि वस्तू मात्र खराब होते. उलट शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे १८९९ च्या साच्यातली .४५५ निघाली तरी लंडनच्या लिलावात पाठवायचा रस्ता बंद. अशी वस्तू कुटुंबाला ठेवायची नसेल तर अजब बंगल्यातलं, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातलं, शस्त्रदालन आठवा. देणगीबद्दल विचारणा तर करता येते, परवानग्या त्यांच्याशी बोलून.

काकांचं काय? वाटणीची किंमत आणि विक्रीची किंमत वेगळी धरा. विकायचं ठरलं तर जे हाती येईल ते तिघांत वाटा, वाद नाही. एकाला ठेवायचं असेल तर बाकीच्या वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रावर लागते, आणि त्याने वारस म्हणून स्वतःच्या नावाने लायसन्ससाठी अर्ज करायचा: सुरक्षित वापराच्या प्रशिक्षणाचा दाखला, पोलीस पडताळणी वगैरे. हेही बघा की त्याच्याकडे आधीच दोन शस्त्रं नाहीत ना. २०१९ नंतर एका माणसाला दोनच, वारसाने आलं तरी मर्यादा तीच. अशा वेळी बाकीच्यांना द्यायची रक्कम मी दुकानदाराच्या खरेदीभावावर काढायला सांगतो, विक्रीभावावर नाही. कारण ठेवणारा ती विकणार नाहीये, आणि लायसन्सची खटपट, खर्च आणि जबाबदारी एकट्याच्या डोक्यावर आहे. दोन परवानाधारक दुकानांकडून लेखी अंदाज घ्या आणि मधला आकडा धरा. पीबी निघाल्यास काकांना सरळ सांगा की वाटायला पैसे नाहीतच, वस्तू आहे, आणि ती कोण सांभाळणार एवढंच ठरवायचंय.

आजोबांच्या वहीत त्यांच्या लायसन्सला यूआयएन, म्हणजे लायसन्सधारकाचा ओळख क्रमांक, पडला होता का तेही बघा. तो नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जुन्या नोंदी काढाव्या लागतील. काटोलचं लायसन्स असल्याने नोंद ग्रामीणकडे असणार, तुम्ही मात्र शहरात राहता, तेव्हा हेलपाटे पडतील. ज्यांच्या घरी आजोबा अजून आहेत त्यांनी हे वाचत असाल तर ऐका: लायसन्सधारक सत्तर वर्षांचे झाले किंवा त्यांनी ते हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, तर हयातीतच वारसाच्या नावाने करता येतं. खूप सोपं जातं ते.

राहिले साठ हजार रोख देणारे गृहस्थ. त्यांना एकच विचारा: लायसन्स दाखवा, आणि त्यावर हे बोअर बसतं का. रीतसर विक्रीला आधी विकणाऱ्याकडे ते कायदेशीर हक्काने असावं लागतं, मग घेणाऱ्याच्या नावानिशी लेखी सूचना द्यायची आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. जो थांबायला तयार नाही आणि पावती नको म्हणतो, त्याला तुमच्या आजोबांच्या नंबराचं हत्यार कशाला हवंय, याचा विचार करा. कुठे वापरलं गेलं तर नंबरावरून पोलीस पहिल्यांदा धरमपेठेतच येतील. .३२ असेल तर त्याचे साठ हजार फार कमी आहेत, आणि .३८ असेल तर साठ हजार देणारा बहुधा नीट माणूस नाही.

जमा झाल्यावर पावतीवरचं बोअर, नंबर आणि शिक्क्यांचं वर्णन लिहून पाठवा, पूर्ण नंबर मात्र देऊ नका, शेवटचे दोन आकडे झाका. मग आकड्यावर बोलू.